थोरलीला कान लावणारी साळू

उंडवळच्या खाडीच्या तोंडाशी, अगदी मधोमध, पाणी पांढरं फुटतं. आतल्या आणि बाहेरच्या अंगाला खोल काळं पाणी आणि मध्येच हा वाळूचा आडवा दांडा, पालथ्या पडलेल्या गलबताएवढा लांब. नवखा माणूस विचारतो, एवढ्या मोठ्या खाडीत वाळूला साठायला हीच जागा बरी सापडली? गावातलं शेंबडं पोरसुद्धा उत्तर देतं, खाली थोरली निजलीय. आणि थोरली कोण असं पुढं विचारलंत, तर मात्र बूड टेकून बसा. कारण थोरलीचं सांगायचं तर साळूचं सांगावं लागतं, आणि साळूचं अर्धवट सांगितलेलं या गावात कुणाला खपत नाही.

फार वर्षांपूर्वी, हा दांडा नव्हता तेव्हा, उंडवळच्या किनाऱ्यावर आरमारासाठी एक गुराब बांधायला घेतली. गुराब म्हणजे लढाईचं मोठं गलबत. पण अशी गुराब त्याआधी कुणी पाहिली नव्हती. तीन डोलकाठ्या, दोन्ही बाजूंना तोफा आणि पोटात दोनशे माणूस मावेल एवढी जागा. तिच्या तळाच्या कण्यासाठी जो साग आणला तो ओढायला चाळीस बैल लागले, आणि बैल दमून बसले तेव्हा तो साग आपणहून दोन शेतं पुढं सरकला, असं म्हणतात. आरमाराच्या सुभेदारानं कागदावर तिला लांबलचक नाव दिलं होतं. ते कुणाच्या तोंडात बसेना. गाव तिला थोरली म्हणू लागलं, आणि शेवटी सुभेदारही थोरलीच म्हणू लागला.

थोरली बांधत होता बाबल मेस्त्री. त्याच्या हातचं गलबत कधी परत दुरुस्तीला आलं नाही, असा त्याचा लौकिक. त्याची लेक साळू. नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापानं गेला, म्हणून ती बापाच्या घरी परत आलेली. वय विशीच्या आत आणि प्रश्न सत्तर.

"बाबा, लोखंड बुडतं. मग लोखंडाच्या तोफा घेऊन लाकूड तरंगतं कसं?"

"बाबा, झाड मेलं तरी पाणी पाहून फुगतं कसं?"

बाबल रंधा मारता मारता म्हणे, "मला काय विचारतेस? लाकडाला विचार."

साळूनं ते खरंच मनावर घेतलं. ती लाकडाला कान लावी, बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करी आणि ऐकत राही. हळूहळू तिला कळू लागलं. सुकलेला साग खणखणीत बोलतो. ओला दबून बोलतो. आणि कीड लागलेलं लाकूड कशालाही हं हं करतं, ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.

आता त्या काळची एक रीत सांगायला हवी. बाईचा पाय गलबताला लागला की गलबत तळाला जातं, असं पुरुष मानत. फळ्यांमधल्या फटींत ठोकायचा कापूस तेलात आणि राळेत मळून द्यायच्या बायका. तो मळताना हाताची सालटी जायची ती बायकांची. त्या हातांचा विटाळ नव्हता, पायाचा मात्र होता! देवानं अक्कल वाटली त्या दिवशी काही लोक मासे मारायला गेले होते, दुसरं काय.

थोरलीवर तांडेल म्हणून, म्हणजे खलाशांचा म्होरक्या म्हणून, धाकूला नेमलं होतं. तरणाबांड, गळ्यात चांदीची साखळी, आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहाव्यात. त्यानं एकदा साळूला थोरलीच्या कुशीला चिकटून उभी असलेली पाहिलं.

"ए साळू! बाजूला हो. बाईचा पाय लागला तर बुडेल ती."

"पाय कुठं लावलाय रे? कान लावलाय."

"कानानं काय होतंय?"

"तुला असते तर कळलं असतं."

सुतार हसले. धाकू लाल झाला. त्या दिवसापासून दोघांचं जे वाकडं झालं ते तीस वर्षं वाकडंच राहिलं, आणि तरी दोघांनी एकमेकांना कधी सोडलं नाही.

तीन वर्षांनी थोरली पुरी होत आली. एकच फळी बसायची राहिली. उंडवळात शेवटच्या फळीचा मान मोठा. तिचा साग देवराईतला. तो अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा, कारण चांदणं वाढत असताना झाडाचा रस वर चढलेला असतो आणि त्या लाकडाला कीड लागतेच. मग त्याची फळी दोन पावसाळे खाडीच्या चिखलात पुरून मुरवायची. ती बसवायच्या दिवशी गावानं हळदीत हात बुडवून तिच्यावर उमटवायचे. आणि एकदा बसवली की ती कधीही काढायची नाही. शेवटची फळी काढली म्हणजे गलबताचा जीव काढला.

अशी फळी बाबलनं मुरवून तयार ठेवली होती. मुहूर्त होता नारळी पौर्णिमेचा. पाच दिवस आधी, सकाळच्या उन्हात, ती फळी कुणी हात न लावता टोकापासून टोकापर्यंत तडकली.

मुहूर्त सुभेदारानं ठरवलेला. तो हलणार नव्हता. सारं गाव देवळात नवसाचं जेवण जेवत असताना भर दुपारी बाबल देवराईत गेला आणि त्यानं साग तोडला. पंधरवडा होता चांदण्याचा, पौर्णिमा पाच दिवसांवर. फळी पाडली, शेकोटीवर सुकवली, राखेनं जुनी दिसेल अशी घासली. साळूनं तिला कान लावला.

"बाबा, ही ओली बोलते."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग तू गप्प." बाबल खाली बसला. "चांदण्यातलं लाकूड लावलं हे कळलं तर सुभेदार हात तोडेल माझे. त्याचं एक वेळ चालेल. पण माझं नाव बुडेल गो. साळू, माझं नाव तुझ्या हातात."

"आणि तिच्यावरची ती दोनशे माणसं?"

बाबलनं मूठभर राख उचलली आणि तो पुन्हा फळी घासू लागला.

"म्हणजे तीही माझ्याच हातात," साळू म्हणाली.

गावानं हळदीचे हात उमटवले. फळी बसली. थोरली ओंडक्यांवरून सरकत पाण्यात गेली तेव्हा खाडीचं पाणी दोन्ही काठांवर पुरुषभर चढलं आणि वडाच्या फांद्यांवर मासे लटकले, असं म्हणतात. सगळे नाचत होते. एकटी साळू पाण्याच्या रेघेकडे पाहत होती. शेवटची फळी त्या रेघेच्या चार हात खाली होती.

दोन वर्षांनी बाबल गेला. मग फळीची गोष्ट जाणणारी एकटी साळू उरली.

दरसाल पावसाळ्याआधी थोरली घरी येई. तिला किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवत. मग साळू ठोकायची लाकडी मोगरी आणि कापसाची टोपली घेऊन तिच्या पोटाखाली शिरे. सांगायला ती सगळ्याच फटी बुजवी. पण त्या एका फळीशी ती आठ-आठ दिवस बसे. टोकरणीनं किडकं टोकरून काढायचं, आणि तिथं तेलात मळलेला कापूस आणि चुना ठोकून ठोकून भरायचा. दर वर्षी थोडं लाकूड कमी, थोडी साळू जास्त.

"एवढं काय करतेस त्या कोपऱ्यात?" धाकू विचारी.

"तुझ्या तोंडाला बूच करतेय. मापात बसत नाही अजून."

आणि थोरली दर्या गाजवत होती. टोपीकर फिरंग्यांची तीन जहाजं एकदा तिच्या मागं लागली. तिनं त्यांना खडकांत नेऊन अडकवलं आणि स्वतः खडकांच्या मधून अशी निघून आली, जशी एखादी सासुरवाशीण पाहुण्यांच्या पंगतीतून. तोफेचा एक गोळा तिच्या कुशीत रुतून बसला, तो तिनं नऊ वर्षं बाळगला. दुष्काळात तिनं वरच्या गावांना भात नेला, आणि त्या फेरीला तिच्या पोटातला भात उपसला तरी सरेना, असं म्हणतात.

एकदा धाकूला साळूची परीक्षा घ्यायची लहर आली. थोरली नुकतीच परतली होती. त्यानं खलाशांना ताकीद दिली, कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग म्हणाला, "एवढी कानाची आहेस तर सांग, काय वाहून नेलं आम्ही?"

साळूनं थोरलीला कान लावला. तीनदा टकटक केली. बराच वेळ गेला.

"चार पायांवर उभं होतं काहीतरी. फार जड. आणि सबंध वाटभर घाबरलेलं होतं."

धाकूनं साखळी चाचपली. त्यांनी एका राजाचा हत्ती नेला होता. तो हत्ती वाटभर रडत होता, हे धाकूनं आपल्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बाराव्या वर्षी मात्र थट्टेची वेळ राहिली नाही. नारळी पौर्णिमा झाली, नारळ वाहिला, सहा गलबतं निघायला सज्ज. साळूनं थोरलीला कान लावला. ती फळी हं हं म्हणत होती. आणखी कापूस, आणखी चुना हवा होता, आणि भरल्यावर तीन दिवस सुकायला हवं होतं. धाकूनं ओढायची आरोळी दिली. साळू गेली आणि थोरलीच्या पुढ्यात चिखलात मांडी घालून बसली.

"ऊठ गो! भरती जाईल!"

"जाऊ दे. परत येते ती. भरतीला घर माहीत आहे."

"काय झालंय ते तरी सांग."

हेच तर तिला सांगता येत नव्हतं. "ती बरोबर बोलत नाही," एवढंच ती म्हणाली. "न्यायची तर ने. पण माझ्या अंगावरून ने."

बाईच्या अंगावरून गलबत नेलं तर पायाच्या विटाळाची काय कथा! खलाशी मागं सरले. पाच गलबतं गेली, थोरली राहिली. साळूनं त्या दिवशी चिखलात उताणी पडून फळी भरली. दुसऱ्या दिवशी दर्यावर असं वादळ उठलं की नारळाची झाडं मुळासकट आकाशात गेली आणि त्यांचे नारळ आठवडाभर पडत होते, असं म्हणतात. पाच गलबतांतलं एकच परत आलं, तेही शिडाविना. त्यानंतर उंडवळचं कोणतंही गलबत साळूनं कान लावून "जा" म्हटल्याशिवाय हललं नाही. लोक तिच्या पाया पडू लागले. साळूला ते पाया पडणं टोचे. वादळाचं तिला काहीएक ठाऊक नव्हतं. तिनं फक्त बापाचं नाव राखलं होतं.

अशी तीस वर्षं झाली. थोरली म्हातारी झाली. तोफा काढल्या, डोलकाठ्या उतरवल्या, आणि तिला खाडीत नुसती बांधून ठेवली. साळूचे केस पांढरे झाले. धाकूचा आवाज गेला, साखळी राहिली.

आणि एका सकाळी टेकडीवरून हाक आली. टोपीकरांची सात जहाजं! दुपारच्या भरतीबरोबर ती खाडीत शिरणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. आरमार दूर दक्षिणेला. गावात तरणा माणूस नाही. धाकू म्हणाला, "थोरलीला खाडीच्या तोंडात आडवी बुडवू. वाट बंद होईल."

लहान होड्यांनी ओढत तिला तोंडाशी नेली. तळाला भोकं पाडायला म्हातारे सुतार गिरमिटं घेऊन उतरले. पण थोरलीचा साग मुरलेला. पाणी लागलं की फुगायचा आणि भोक मिटायचं. वीस भोकं पाडली, वीसच्या वीस मिटली. दगड भरले. ती हातभर खाली बसली आणि तशीच तरंगत राहिली. ओहोटी संपत आली. टेकडीवरचा माणूस ओरडून शिडं मोजत होता.

"बुडत नाही ही अवदसा!" धाकू रडकुंडीला आला. "बाबल्या, कसली बांधलीस रे!"

काठावरून साळू हे पाहत होती. थोरली कुठून बुडेल हे जगात एकट्या तिला ठाऊक होतं. तिनं टोकरणी कमरेला खोचली आणि होडीत बसून थोरलीपाशी गेली.

"मला वर घ्या."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तीस वर्षं कान लावला, पण पाय तिनं कधीच लावला नव्हता.

"अरे, बाईच्या पायानं गलबत बुडतं ना? मग आज माझ्याएवढी कामाची बाई तुम्हाला मिळायची नाही. हात द्या."

धाकूनं हात दिला. तिनं त्याला सगळ्यांना घेऊन होडीत उतरायला सांगितलं आणि एकटी खाली पोटात गेली. तिनं शेवटच्या फळीला कान लावला, तीनदा टकटक केली. काय ऐकलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मग तिनं तीस वर्षांचं आपलंच काम उपसून काढलं. लाकूड असं उरलंच नव्हतं. वर एक पापुद्रा आणि आत सगळी साळू. पाणी आत आलं ते पाहुण्यासारखं नाही, घरधन्यासारखं.

थोरली तिरकी झाली, आडवी झाली आणि बरोबर खाडीच्या तोंडात बसली. बुडताना तिनं एकदाच हुंकार दिला, आणि देवळातली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. साळू वर आली ती पाण्याबरोबर. काखेत तिनं फळीचा एक तुकडा धरला होता. धाकूनं तिला केसांना धरून होडीत ओढली.

टोपीकरांचं पहिलं जहाज भरतीबरोबर तोऱ्यात आलं आणि थोरलीच्या पाठीवर चढून फुटलं. उरलेली सहा जिथून आली तिथं गेली.

काठावर एकच गजर झाला. "साळूमायचा पाय लागला आणि गलबत तळाला गेलं! बघा, वाडवडील खोटं सांगत नव्हते!" धाकूनं तर वाकून तिच्या पायांची धूळ घेतली. "पायात ताकद आहे गो तुझ्या."

साळू ओलीचिंब उभी होती. आता नुसतं गप्प राहिलं की झालं. गप्प राहिली असती तर बापाची खोट कायमची झाकली गेली असती, पायाच्या गोष्टीखाली. पण मग उंडवळच्या पोरीबाळींचा पाय पुढच्या सात पिढ्या विटाळ म्हणून गाजला असता. तिनं एकदा समुद्राकडे पाहिलं. मग काखेतला तुकडा काढून वाळूवर टाकला. त्याच्यावर हळदीचं एक बोट अजून पिवळं होतं.

"माझ्या पायानं नाही बुडाली. ह्या फळीनं बुडाली. ही चांदण्यातली फळी आहे. माझ्या बापानं लावली, आणि मी तीस वर्षं लपवली."

मग तिनं सगळं सांगितलं. तडकलेली फळी, देवराई, राख, बापाची विनवणी, कापूस. लाटाही थांबल्या होत्या, असं म्हणतात.

शेवटी धाकू बोलला. "माझं पाण्याचं पिंप त्याच फळीला टेकून असायचं गो. तीस वर्षं!"

"माहीत आहे. म्हणून तर तिथं दुप्पट कापूस भरायची."

धाकू वाळूत बसला. रागावला होता की हसत होता ते कुणाला कळेना. त्याला स्वतःलाही कळत नसावं. तो म्हणाला, "बाबलनं एक फळी खोटी लावली. पण बाकीच्या अशा लावल्या की आज आम्ही वीस भोकं पाडूनही थोरली बुडेना. मेस्त्री होता तो. माझ्यापुढं कुणी त्याला नावं ठेवायची नाहीत." मग साळूकडे वळून, "आणि तू, तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तू तिच्यावर चढला असतास?"

"नाही."

"झालं तर मग."

साळू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मोठ्या ओहोटीला ती खाडीच्या तोंडाशी जाई आणि ओल्या वाळूला कान लावून पडे. वाळू थोरलीवर साठत गेली, दांडा वाढत गेला. एके दिवशी साळू तिथून परतलीच नाही, वाळूवर फक्त कानाचा ठसा होता आणि सात भरत्या आल्या तरी तो पुसला गेला नाही, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, ती घरी येऊन, पेज पिऊन, आपल्या चटईवर नीट झोपून गेली. दोन्ही खरं असेल. असल्या बाईला एकच मरण पुरत नाही.

आज उंडवळात सागाची गलबतं नाहीत. फायबरच्या होड्या आहेत, इंजिनं आहेत. पण नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की घरातली सगळ्यात म्हातारी बाई होडीवर चढते, पायांनी, सगळ्यांच्या देखत. मग खाली उतरून होडीला कान लावते. बोटाच्या पेरानं तीनदा टकटक. इंजिन चालू असेल तर बंद करायला लावते. आजूबाजूचे खोळंबलेले तरणे पुरुष घड्याळ बघतात, पण तोंड उघडत नाहीत.

आणि होडी बांधणारा मेस्त्री ती हवाली करताना आधी तिची खोट सांगतो, मोठ्यानं, सगळ्या गावासमोर. इथं जोड जरा जाड बसलाय. इथं रंग एकच हात आहे. याला साळूची खोट म्हणतात. परगावचा एक नवा मेस्त्री मागं छाती फुगवून म्हणाला होता, माझ्या होडीत खोटच नाही. लोकांनी त्याला चहा पाजला, हातात नारळ दिला आणि होडीसकट परत पाठवला.

खोट सांगून झाली, कान लावून झाला, की म्हातारी पाठीवर हात ठेवून सरळ होते. खाडीच्या तोंडाशी पांढरं पाणी फुटत असतं तिकडं एकदा बघते. आणि मग म्हणते, "जा."